तांदूळ निवडून झालेत, माई

तीर्थस्वरूप माईंना,
साष्टांग नमस्कार.

तुमचे आभार मानायला मी दोनतीनदा तुमच्या ओट्यावर येऊन बसले. दर वेळी तुम्ही "चहा टाकते" म्हणत आत गेलात आणि विषय तिथेच राहिला. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांत. आपल्या आळीच्या टोकाला दोन नव्या इमारती उभ्या राहिल्यात. तिथे मुंबईहून येणाऱ्या घरांतही एखाद्या आजी असतीलच.

आम्ही नेरळला आलो ते 2019च्या जूनमध्ये. लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली होती आणि मिळणाऱ्या भाड्यात परळ-लालबागला खोली मिळेना. नेरळहून सीएसएमटीला थेट लोकल आहे, घर परवडत होतं आणि गॅलरीत उभं राहिलं की समोर माथेरानचा डोंगर. जाता-येता दोन-दोन तासांचा प्रवास होता, पण मी आणि ह्यांनी तो हिशेबात धरला होता. लेकाची शाळा धरली, पाण्याची वेळ धरली, पावसाळाही धरला. आईंना मात्र कोणीच विचारलं नाही. ही चूक आमची होती.

सासूबाई लग्न होऊन साताऱ्याकडून थेट चाळीत आल्या. दहा बाय बाराच्या त्या खोलीचं दार रात्री झोपतानाच काय ते लागायचं. गॅलरीत कायम कोणीतरी भाजी निवडत बसलेलं, कोणी भांडत असलेलं. गिरणीचा भोंगा झाला की चूल पेटवायची, दुसरा झाला की सासऱ्यांचा डबा. 1982च्या संपानंतर सासऱ्यांची गिरणी काही धड चालली नाही, पण आईंचा दिवस पुढेही त्याच वेळांनी चालत राहिला. इथे आम्ही सकाळी सहाच्या सुमाराला लोकल पकडायचो, लेक शाळेत जायचा, आणि समोरच्या तिन्ही घरांची दारं बंद. "इथं दुपार संपतच नाही गं," असं त्या एकदा म्हणाल्या. मग तेवढंही बोलेनाशा झाल्या. जेवण अर्ध्यावर आलं. मी रात्री साडेआठला परतायचे, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या, आणि मला वाटायचं, दमल्या असतील.

तुम्ही आमच्या घरात आलात त्या शेवळांमुळे. स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका ठाकर बाईकडून मी जुड्या आणल्या होत्या, नवी भाजी करून बघावी म्हणून. तुम्ही दारातूनच विचारलंत, "काकडं घातलीत का?" मला काकडी ऐकू आलं. तुम्ही आत येऊन गॅस बंद केलात, घरी जाऊन पदरात ती हिरवी आंबट फळं घेऊन आलात आणि सांगितलंत की काकडांच्या रसाशिवाय शेवळं खाल्ली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. मग ओट्याशी उभं राहून सगळं करून दाखवलंत. पातीचा कुठला भाग टाकायचा, किती बारीक चिरायची, आणि सोडे नसले तर वाल घालायचे. आई पलंगावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ते तुम्ही पाहिलंत. मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही सुपात तांदूळ घेऊन आलात. "आजी, माझी नजर आता काम देत नाही. एवढे निवडू लागा."

त्यानंतर रोज. कधी तांदूळ, कधी वाल, कधी चिंच फोडायची. दोघी खाली फरशीवर बसायच्या. आईंनी तुम्हाला साताऱ्याचा खर्डा कुटायला शिकवला, तुम्ही त्यांना टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी ओळखायला शिकवलीत. आमच्या लेकाला तुम्ही भाई कोतवालांची गोष्ट सांगितलीत. माथेरानचा हा माणूस आझाद दस्ता उभा करतो, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडतो आणि 2 जानेवारी 1943ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा होतो. लेक नुसता ऐकत होता, पण आईंनी मध्येच विचारलं, "वीज इथनं मुंबईला जायची?" तुम्ही म्हणालात, हो, भिवपुरीला टाटांचं वीजघर आहे, मुंबईच्या गिरण्यांना वीज जायची ती इथल्या डोंगरातूनच. आई बराच वेळ गप्प बसल्या. रात्री मला म्हणाल्या, "ह्यांचा माग इथल्या पाण्यावर चालत होता बघ." त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

26 जुलैची रात्र मी कधी विसरणार नाही. हे कामासाठी नाशिकला होते. माझी लोकल अंबरनाथच्या पुढे गेलीच नाही आणि फोन बंद पडला. डब्यातल्या एका मैत्रिणीने मला तिच्या घरी नेलं. सकाळी टीव्हीवर बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी महालक्ष्मी एक्सप्रेस दिसली, हजारावर माणसं आत अडकलेली, आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याच पाण्याच्या पलीकडे माझं घर. रविवारी मिळेल त्या वाहनाने पोचले, तर आई आणि लेक शांतपणे भात खात होते. तुम्ही दोन्ही रात्री आमच्याकडे झोपलात, वीज नव्हती म्हणून कंदील आणलात, आणि त्यांना सांगितलंत, "तिचा फोन आला होता, मैत्रिणीकडे सुखरूप आहे." माझा फोन आलाच नव्हता, माई. तुम्हाला स्वतःला किती झोप लागली असेल त्या रात्री, ते मी आजवर विचारलेलं नाही.

त्याच पावसात माथेरानच्या गाडीचा मार्ग खचला. 2022च्या ऑक्टोबरात ती पुन्हा नेरळहून सुटू लागली, तेव्हा शिट्टी ऐकून आई गॅलरीत जाऊन म्हणाल्या, "भोंगा झाला." हल्ली त्या शिट्टीवर चहा ठेवतात.

एक गोष्ट मला गेल्या दिवाळीत कळली. तुमच्या सूनबाई सहज बोलून गेल्या की तुम्ही आमच्याकडे आणायचात ते तांदूळ त्यांनी घरी आदल्या दिवशीच निवडून ठेवलेले असायचे. मी घरी आले, आईंना सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला, आणि शेवटी सांगितलं.

आई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी कळलं मला. एक खडा नव्हता त्यात."

कालचे तांदूळ निवडून झालेत. स्टेशनबाहेर शेवळं आलीत, मी चार जुड्या आणून ठेवल्यात. काकडं तुमच्याकडची घेऊन या, आणि आईंनी सांगितलंय, येताना सूप रिकामं आणू नका.

तुमची,
समोरच्या घरातली सून