टाकी भरू न देणाऱ्या काकांना

काका,

सा. न.

समोर काही बोलायला गेले की तुम्ही "बरं बरं, तो पाना दे" म्हणून विषय बंद करता, म्हणून हे लिहून काढतेय. आणि मुद्दाम उघड लिहितेय. उद्या कुणी जुना कॉम्प्रेसर घरी आणून स्कूबाच्या, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या टाक्या भरायला निघालं, तर तुमचं काम त्यांच्याही उपयोगी पडावं.

मशीन आणलं तेव्हा माझा हिशोब फार सोपा होता. १२ लिटरची टाकी २०० बारला (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब) भरायची म्हणजे २४०० लिटर हवा. मशीन मिनिटाला १०० लिटर देतं. २४ मिनिटांत टाकी तयार! विकणारा म्हणाला होता, "ऑइल बदला आणि बटण दाबा." मीही तेवढंच करणार होते. तुम्हाला बोलावलं ते फक्त मोटरची वायर जोडायला. त्या एका वायरीला तुम्ही सात रविवार लावलेत.

खरं सांगू? तिसऱ्या रविवारी मी तुमच्यावर चिडले होते. आयुष्यभर अग्निशमनवाल्यांच्या श्वसनसंचांच्या टाक्या भरलेल्या माणसाला डायव्हिंगमधलं काय कळतंय, असंही मनात येऊन गेलं. माफ करा.

वायर जोडल्यावर तुम्ही आधी मोटरवरून कॉम्प्रेसर फिरवणारे पट्टे उतरवायला लावलेत आणि स्विच क्षणभर चालू करून बंद केलात. मोटर बाणाच्या उलट फिरली. तीन फेजपैकी दोन वायरींची अदलाबदल, दोन मिनिटांचं काम. पण पट्टे चढवलेले असते तर पंखाही उलटा फिरला असता, सिलेंडरवर आणि कूलरच्या नळ्यांवर हवा नीट पोचली नसती, आणि मी मात्र "चालू झालं, चालू झालं" म्हणून नाचत राहिले असते.

मग फिल्टर. काट्रिज काढून तुम्ही वर्तमानपत्रावर उपडं केलंत. काळा, ओलसर गाळ पडला आणि गॅरेजभर जळक्या तेलाचा वास सुटला. आधीच्या मालकाने आत नुसता कोळसा भरला होता. तुम्ही पेन्सिलीने त्याच कागदाच्या कडेला चित्र काढलंत: आधी ओलावा शोषणारं मॉलिक्युलर सीव्ह, मग तेलाचा वास धरणारा सक्रिय कोळसा, शेवटी हॉपकॅलाइट. मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइडचं हे मिश्रण कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतं, पण ओलं झालं की काम सोडतं. म्हणून हवा सीव्हमधून गेल्यानंतरच त्याच्याकडे यायला हवी. तो कागद मी जपून ठेवलाय, तेलाच्या डागासकट.

पण मला सगळ्यात आठवतो तो दोन काट्यांचा प्रसंग. नवं काट्रिज बसलं, मशीन सुरू झालं, मी टाकीच्या गेजकडे बघत होते. काटा छान चढत होता. तुम्ही फिल्टरच्या गेजकडे बघत होतात, आणि एकदम मशीन बंद केलंत. मला काही कळेना. तुम्ही म्हणालात, "दोन्ही काटे एकदमच चढतायत. चढायला नकोत." फिल्टरच्या पुढे एक प्रेशर राखणारा व्हॉल्व्ह असतो. आपल्या मशीनवर तो १५० बारला लावलेला. तेवढा दाब आत साठेपर्यंत त्याने हवा पुढे सोडायचीच नाही. दाब जितका जास्त, तितकं पाणी हवेतून पिळून निघतं, आणि सीव्हवरचा भार कमी होतो. आमचा व्हॉल्व्ह उघडाच अडकून बसला होता. रिकाम्या टाकीकडे हवा सुसाट धावत होती, ओलावा घेऊन. उघडला तर सीटवर गंजाचा मोहरीएवढा कण. साफ केल्यावर पुन्हा सुरू केलं: फिल्टरचा काटा एकटाच १५० पर्यंत गेला, टाकीचा जागेवर, आणि मग "फुस्स" करून टाकीत हवा सुरू. ते बघताना मला पहिल्यांदा वाटलं की मशीन आत काय करतंय ते मला दिसतंय.

पंधरा मिनिटांनी तुम्ही ड्रेन, म्हणजे आत साठलेलं पाणी सोडायचा नळ, उघडायला लावलात. बाटलीत दुधाळ पाणी आलं, तेल आणि पाणी फेटल्यासारखं. "हे तू श्वासात घेणार होतीस," एवढंच म्हणालात.

हवा आत ओढणाऱ्या पाइपवरून आपलं भांडण झालं, आठवतं? मला तो खिडकीशी ठेवायचा होता, सोयीचं म्हणून. खाली गाड्या उभ्या राहतात आणि शेजारीच गीझरचा धूर बाहेर पडतो, हे माझ्या लक्षातही नव्हतं. मी म्हटलं, मोटर तर विजेची, धूर येणार कुठून? तुम्ही उलट विचारलंत, "पाण्यात तीस मीटर खाली दाब किती?" चार बार. म्हणजे वर १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) असलेला धुरातला कार्बन मोनॉक्साइड खाली ४० सारखा लागणार. त्याला ना वास, ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. ईएन १२०२१ या युरोपीय मानकात श्वसनाच्या हवेत ५ पीपीएमच्या वर चालत नाही. पाइप छतावर गेला. शिडी मी धरली होती, तेवढंच माझं योगदान.

बाकीचं भराभर सांगते. श्वसनहवेसाठीचंच सिंथेटिक ऑइल, गाडीचं नाही. मशीन हवा टप्प्याटप्प्याने दाबतं, त्यातल्या प्रत्येक स्टेजचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तपासून आणला. माझ्या दोन टाक्यांपैकी ॲल्युमिनियमच्या टाकीवर ६३५१ मिश्रधातूचा शिक्का बघून तुम्ही ती बाजूलाच ठेवलीत. जुन्या काळच्या त्या धातूच्या टाक्यांना मानेपाशी तडे जाऊ शकतात. मला वाईट वाटलं, टाकी देखणी होती. दुसरीही हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकीची चाचणी, होऊन आल्याशिवाय तुम्ही होजला लावू दिली नाहीत.

सातव्या रविवारी ती भरली. सावकाश भरूनही हाताला गरम लागत होती. २०० वर थांबवली, निवल्यावर १८५ दाखवायला लागली. मी गळती शोधायला साबणाचं पाणी घेऊन धावले आणि तुम्ही पोट धरून हसलात. हवा थंड झाली, दाब उतरला, बस.

मीटरवर कार्बन मोनॉक्साइड शून्य आला. प्रयोगशाळेचा कागदही नीट आला. तेव्हा कुठे तुम्ही, ज्यांना गुडघाभर पाण्याचीही भीती वाटते, अंगणात स्टुलावर बसून टाकीतली हवा श्वासात घ्यायचा माझा रेग्युलेटर तोंडात धरलात. डोळे मिटून चार श्वास घेतलेत. मी विचारलं, कशी आहे?

"चव नाही," म्हणालात, आणि ड्रेनची बाटली धुवायला उठलात.

तुमची,
शिडी धरणारी