एक कॅरटचा नाही घेतला, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी चष्मा लावा आणि पूर्ण वाचल्याशिवाय फोन करू नका. आईच्या अंगठीचा हिरा घेतला. "पन्नास वर्षांनी घेतोय, पुरता एक कॅरट घे," असं तुम्ही बजावलं होतं. मी नव्वद सेंटचा, म्हणजे कॅरटला दहा सेंट कमी, असा घेतला.

कंजूषपणा केला नाही हो. इथे सुरतेत दिवसभर भिंगाखाली मी हेच बघते. कॅरट पुरा झाला की भाव एकदम चढतो, म्हणून वजन राखायला गर्डल, म्हणजे हिऱ्याच्या कमरेची कड, जाड ठेवतात, पोट खोल ठेवतात. तुमच्या पैशांत बसणारा एक कॅरट तसलाच होता. वरून 6.1 मिलिमीटर आणि मधोमध काळपट. आपला नव्वद सेंटचा 6.2 भरतो. बोटाकडे लपून राहणाऱ्या वजनाचे पैसे कशाला द्यायचे?

दुपारी आईच्या आरशाने तुम्ही भिंतीवर कवडसा नाचवायचात आणि मी पकडायला धावायचे. आरसा जरा जास्त कलला की कवडसा गायब, मग माझं भोकाड! हिऱ्याच्या खालच्या पैलूंचं तसंच आहे. त्यांचा उतार 41 अंशांच्या आसपास असला की वरून शिरलेला उजेड दोन्हीकडे आपटून वरच परततो. उतार फार वाढला की खालून गळतो. मग रंग कितीही पांढरा असो, दगड मंदच दिसणार. जळगावला आपल्या सराफकाकांना खुशाल दाखवा, तेही हेच म्हणतील.

उरलेल्या पैशांचं सांगते, पण रागवायचं नाही. तुमच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख घेतली आहे. "बघू दिवाळीनंतर" आता चालणार नाही. तुम्ही पेपर नुसता समोर धरून बसता, पान उलटत नाही, हे आईला केव्हाच कळलंय. मी रजा टाकली आहे, थेंब मीच घालेन.

आई, अंगठी किंचित सैल केली आहे, सांधे सुजले तरी निघेल. हिरा धरणारे दाते घासून घेतलेत, पदराचा धागा ओढला जाणार नाही. हिऱ्याला तेलकटपणा पटकन धरतो, म्हणून कणीक मळताना काढायची. आठवड्याला कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासायची. बेसिनवर नाही, वाटीत! आणि लॉकरमध्ये ठेवलीस तर मी परत घेऊन येईन.

शनिवारी येते. बाबांनी स्टेशनवर यायचं नाही, मला रिक्षा मिळते. आणि लाडू वळत बसू नकोस, तुझी शुगर मी आल्यावर तपासणार आहे.

तुमची,
छकुली