स्लॅबची भेग आणि बॅक्टेरियाची चुनखडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सिडकोतल्या घराचा स्लॅब चार पावसाळे गळतोय. दरवर्षी वॉटरप्रूफिंगवाला येतो, काळं केमिकल फासतो, पाच वर्षांची गॅरंटी तोंडी देतो आणि गणपती बसायच्या आत टपटप परत सुरू. यंदा शिडी लावून जवळून बघितलं तर भेगेच्या कडेने पांढरे क्षार साचलेत, एका जागी तर खडूएवढी कांडी लोंबतेय. भाचा सिव्हिलला आहे, तो म्हणाला मामा ही चुनखडी, सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर खाली उतरतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की दगड होतो. म्हणजे भेग बुजवायचा माल स्लॅबकडेच आहे, फक्त भलत्या जागी जमतोय!

तो माल भेगेतच जमवायचं काम नेदरलँड्समधे डेल्फ्टच्या विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी केलंय, २००६ पासून. बॅसिलस जातीच्या बॅक्टेरियाचे बीजाणू आणि त्यांचा खाऊ म्हणून कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीट कालवतानाच टाकायचं, मग ते वर्षानुवर्षं आत झोपून राहतात, भेग पडून पाणी शिरलं की जागे होतात, खातात आणि चुनखडी तयार करतात. काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की साधे जंतू त्यात टिकत नाहीत, म्हणून खाऱ्या सोडा सरोवरांत तगणारी जात घेतली (आपलं लोणार आठवलं की नाही?). साधारण ०.८ मिमीपर्यंतची भेग बुजते, बोट जाईल एवढी नाही, आणि माल महाग पडतो, हेही खरंच.

आता २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात जिकडेतिकडे काँक्रीट ओततायत. जगात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के सिमेंटमुळे येतो, तरी आपल्याकडे जुनं फोडायचं, राडारोडा रात्रीत नाल्याच्या कडेला ओतायचा आणि नवी पोती फोडायची. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नियम २०१६ सालीच आले, पण आमच्या गल्लीच्या तोंडावरचा ढीग दिवाळीपासून तसाच. तोच चुरून फुटपाथच्या ब्लॉकात घालता येतो की. सिमेंटमधे मिसळायच्या कोळशाच्या राखेचं तर विचारूच नका, एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र दारात आहे, पीपीसीच्या (पोर्टलंड पोझोलाना सिमेंटच्या) पोत्यात १५ ते ३५ टक्के राख आधीच असते आणि त्यावर घरं उभी आहेत, तेव्हा "राखेचं बांधकाम कच्चं" हे कॉन्ट्रॅक्टरचं पालुपद आता पुरे.

सगळं शहर बॅक्टेरियाने बांधा असं म्हणणं नाही. महापालिकेने एखादी पाण्याची टाकी नाहीतर गटाराचा एक तुकडा असा करून बघावा, शेजारी तेवढाच साधा ठेवावा आणि दोन पावसाळ्यांनी दोन्हीचे फोटो तुमच्या पेपरात छापावेत. जुन्या भेगांवर फवारायचं बॅक्टेरियाचं द्रावणही निघालंय म्हणे, नाशकात कोणी ते मारून घेतलं असेल तर स्क्वेअर फुटाला काय पडलं ते याच सदरात कळवा, मे महिन्याच्या आत कळलं तर बरं.

एक वाचक, सिडको, नाशिक