रविवारच्या आधी

पुणे, बुधवार रात्र

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर मी मध्येच विषय बदलला असता, म्हणून लिहितोय. मुलीच्या वडिलांनी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या आणि बाबा म्हणाले, "पाठवतो की, त्यात काय!" माझ्याकडे बरोब्बर तीनच स्लिपा आहेत. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. त्या पाठवून गप्प बसलो असतो तरी खपून गेलं असतं. पण स्लिपेवर रुजू झाल्याची तारीख आहे आणि पगार चौतीस हजार आहे. तुम्ही त्यांना सांगून बसलात की मुलगा चार वर्षं एकाच कंपनीत आहे, साठ हजार मिळवतो. तुमचा दोष नाही. मीच तसं सांगितलं होतं.

जून २०२२ मध्ये मी नोकरी सोडली. तेव्हापासून ऑगस्ट २०२५ पर्यंत "घरून डेटाचं काम" असं जे मी सांगत होतो, ते काम म्हणजे ऑनलाइन पोकर. पैसे लावून. पूर्णवेळ.

आता बाबांच्या डोळ्यांसमोर दत्ताकाका येणार, हे मला इथे बसून दिसतंय. कल्याणच्या ओपन-क्लोजपायी त्यांची म्हैस गेली, मग काकूंच्या पाटल्या, मग रानाचा तुकडा. पण मटक्यात आकडा निघतो आणि आपण बघत बसतो. पोकर त्यापेक्षा तुमच्या मेंढीकोटाच्या जवळचा आहे, बाबा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडी, आणि ती उघडत जाताना चार वेळा बोली. समोरच्यानं काय लावलं, कधी थांबला, किती वेळ घेतला, यावरून त्याच्याकडे काय असेल ते काढायचं. गच्चीवर चटईवर बसून तुम्ही अर्ध्या डावातच सांगायचात की किलवरची मेंढी शामकाकाकडे आहे. मला ही चटक लागली ती तिथे. हे आरोप म्हणून लिहीत नाहीये.

तुम्ही पहिलं विचाराल, किती हरलास. हरलो नाही. सांगायला जड जातंय ते याच्यामुळेच, पण ते पुढे.

आधी हिशोब, म्हणजे बाबांना बरं वाटेल. मी २५-५० च्या टेबलावर खेळायचो, म्हणजे डाव सुरू होताना दोघांनी सक्तीनं लावायची बोली २५ आणि ५० रुपये. एका टेबलावर बसायला पाच हजार लागायचे. एका वेळी चार टेबलं उघडी, तासाला अडीचशेच्या आसपास डाव. सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेसदतीस हजार डाव. चांगला खेळणारा शंभर डावांमागे अडीचशे रुपये काढतो, मी पावणेदोनशेच्या आसपास राहिलो. म्हणजे महिन्याला साधारण पासष्ट हजार. त्यावर तीस टक्के कर आणि वर सेस, म्हणून हातात पंचेचाळीस. ही झाली सरासरी, आणि सरासरी कुठल्याच महिन्यात येत नाही. तेवढेच डाव तितकंच नीट खेळून एका महिन्यात दीड लाख येतात आणि दुसऱ्या महिन्यात वीस हजार खिशातून जातात. हातात दोन एक्के आणि समोर दोन राजे असले तरी शंभरातून अठरा वेळा राजे जिंकतात. दोन एक्के येतात तरी कधी, तर २२१ डावांत सरासरी एकदा. वाट बघून बघून आलेले एक्के हरले की माणसाचा तोल जातो. पोकरवाले त्याला टिल्ट म्हणतात. धंदा बुडतो तो तिथेच. पानांनी सहसा कुणी बुडत नाही.

मी वही ठेवली होती. बाबा, तुम्ही ड्युटी संपली की डेपोत बसून वेबिल आणि कॅश जुळवायचात, दोन रुपये कमी आले तरी बॅग उलटी करायचात. तशीच रोज झोपायच्या आधी मी वही जुळवायचो. अडतीस महिन्यांपैकी एकोणतीस फायद्याचे, नऊ तोट्याचे. पहिले आठ महिने खालच्या टेबलांवर होतो, तेव्हा बारा-तेरा हजारांच्या वर काही सुटत नव्हतं, शिल्लक मोडून राहिलो. सगळ्यात वाईट २०२४ चा पावसाळा. सात आठवड्यांत एक लाख ऐंशी हजार गेले. आई, तेव्हा तू म्हणायचीस की आवाज बसलाय, सुंठ घे. सर्दी नव्हती. रात्रभर जागून दिवसा झोपायचो आणि तुझा फोन आला की उठून घसा खाकरून बोलायचो.

कर चुकवलेला नाही. रिटर्न दरवर्षी भरलंय. पण त्यात उत्पन्न "ऑनलाइन गेममधली जिंक" म्हणून दिसतं, आणि या करात सवलतीची मर्यादा नाही, खर्च वजा होत नाही. इंटरनेटचं बिल, खुर्ची, दुसरा स्क्रीन, सगळं माझ्याच माथी. घरकर्जासाठी एका बँकेत गेलो तर मॅनेजरनं रिटर्न बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चहा मागवला. कर्ज दिलं नाही. चहा चांगला होता.

आता जड जाणारी गोष्ट.

पोकरमध्ये कंपनीविरुद्ध खेळत नाहीत. कंपनी गावाकडच्या अड्ड्यासारखी प्रत्येक डावातून आपली नाल काढून घेते आणि बाजूला राहते. म्हणजे मी जिंकलेला प्रत्येक रुपया समोरच्या कुणाचा तरी होता. सगळे माझ्यासारखे सराईत असतील तर नाल वजा जाऊन सगळेच हरतात. पोट भरतं ते कच्च्या खेळाडूवर. त्याला आमच्यात फिश म्हणतात. टेबल निवडायचं ते फिश बघून. त्याच्या नावापुढे रंगीत खूण करायची सोय असते, शेजारी टिपण लिहिता येतं.

एकाचं टिपण अजून जसंच्या तसं पाठ आहे: "तारीख १ ते ७. रात्री १२ नंतर. हरला की लगेच पुन्हा ५ हजार. ब्लफ करू नको, हा कॉल करतोच." म्हणजे हातात काही नसताना मोठी बोली लावून घाबरवू नको, हा तेवढे पैसे लावून बघतोच. त्याच्या टोपणनावाच्या शेवटी १९८१ होतं, बहुधा जन्मसाल. दोन वर्षं तो दर महिन्याला यायचा. आठ तारखेनंतर दिसायचा नाही. मला वाटायचं असेल दिल्लीचा कुणी दुकानदार. एका रात्री तीन वाजता, दोन वेळा रिकामा होऊन तिसऱ्यांदा बसल्यावर, त्यानं चॅटमध्ये रोमन अक्षरांत लिहिलं, "भाऊ झोपा आता, मला पण सकाळी ड्युटी आहे."

मराठी निघाला. ड्युटी म्हणाला, बाबा. तुम्ही म्हणता तसं.

मी उत्तर दिलं नाही आणि झोपलोही नाही. अजून चाळीस मिनिटं बसलो, कारण तो बसला होता. त्या रात्री वहीत अधिक अकरा हजार चारशे लिहिले. आणि पाच तारखेला तुम्हाला पंधरा हजार पाठवले. आई, तू नेहमीसारखी म्हणालीस, "जमा झाले रे, कष्टाचे पैसे, जपून खर्च करते."

कष्ट होते, ते मी नाकारत नाही. पाठ गेली, डोळे गेले. कुणाला फसवलंही नाही, पानं दोघांनाही सारखीच वाटलेली. तो स्वतःच्या इच्छेनं बसायचा. हे सगळं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते पाठ केलेल्या कवितेसारखं वाटतं.

त्यानंतरही मी दीड वर्ष खेळलो. मला उपरती होऊन सोडलं असं रविवारी कुणाला सांगू नका. कायद्यानं सोडवलं. टेबलं तशी आधीपासूनच रोडावत होती. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशांवर अठ्ठावीस टक्के जीएसटी आला, तेव्हा कंपन्या बोनस देऊन तो भरून काढायच्या, पण कच्चा खेळाडू लवकर आटायला लागला होता. मग गेल्या वर्षी २० ऑगस्टला लोकसभेत विधेयक, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, पोकर कौशल्याचा की नशिबाचा हा वादच संपला. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ॲप उघडलं तर फक्त "पैसे काढा" एवढंच बटण चालू होतं. पुढच्या बुधवारी गणपती बसले. मी घरी आलो होतो आणि आरतीला टाळ हातात घेऊन नुसताच उभा होतो, आई, तू दृष्ट काढलीस ती तेव्हा.

माझ्याबरोबरचे दोघं गोव्याला गेले, मांडवीतल्या बोटींवर खेळतात. तिथे चार टेबलं एकदम मांडता येत नाहीत, आणि राहणं-खाणं वेगळं. एक जण परदेशी साइटवर क्रिप्टो भरून चोरून खेळतो. मला दोन्ही नको वाटलं. सप्टेंबर-ऑक्टोबर अर्ज करण्यात गेले. मुलाखतीत तीन वर्षांच्या जागेवर काय लिहायचं ते कळेना, शेवटी खरं लिहिलं. आत्ताच्या कंपनीतल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला आकड्यांची भीती नाही." घेतलं.

तर रविवारचं. मुलीला आणि तिच्या वडिलांना हे मी स्वतः सांगणार आहे, चहा यायच्या आधी. तुम्ही मध्ये "तो खेळ तसा नव्हे हो" असं काही म्हणू नका, बाबा. ते नाही म्हणाले तर नाही. दत्ताकाका त्यांच्याही घरात कुणीतरी असेलच.

आणि आई, पोस्टातली आरडी. पुढच्या वर्षी ती पूर्ण झाली की सुनेच्या पाटल्या करायच्या, असं तू मावशीला सांगितल्याचं कळलं. त्यात ते पैसे आहेत. सप्टेंबरनंतरचे सोडून. त्याचं काय करायचं ते मला सुचत नाही. १९८१ वाल्याचा पत्ता माझ्याकडे नाही आणि असता तरी मी परत केले असते का, हेही माहीत नाही. तू ठरव. पण ठरवायच्या आधी तुला माहीत असायला हवं होतं.

पत्र शुक्रवारी पोचेल. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस आहे, दुपारी स्वारगेटवरून एसटी धरतो, सात-साडेसातपर्यंत कराडात. बाबा, रागावला असलात तर स्टँडवर येऊ नका, मी चालत येईन. वही बरोबर आणतोय. बघायची असली तर बघा.

तुमचा,
बंड्या