कॅसेटी उतरवून झाल्या

स्टुटगार्ट
रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, तुम्ही पेपरात गुंडाळून दिलेल्या हँडीकॅमच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. एकीला बुरशी धरली होती, बाकीच्या ठणठणीत. त्या तुम्हाला सांगलीत बसून बघता याव्यात म्हणून इथे घरातच सर्व्हर केलाय, म्हणजे व्हिडिओ साठवून मागाल तेव्हा पाठवणारा कॉम्प्युटर. फोनवर सांगायला गेले की तुमचं आपलं ‘महिन्याला किती पडणार?’, म्हणून लिहूनच पाठवते.

महिन्याला काही नाही. स्क्रीन तडकलेला माझा जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि व्हिडिओ दाखवणारा जेलीफिन हा प्रोग्रॅम. दोन्ही फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला. एम्बी नावाच्या प्रोग्रॅमवाल्यांनी 2018 मध्ये कोड बंद केला, तेव्हा काही जणांनी आधीचा खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली, तीच ही जेलीफिन. विजेचं म्हणाल तर रिकामा असताना लॅपटॉप 10 वॉटच्या आसपास खातो. वर्षभर अखंड चालला तरी 88 युनिट.

डोकं खाल्लं ते व्हिडिओनं. डीव्ही कॅसेटचा एक तास म्हणजे 13 जीबी, सेकंदाला जवळजवळ 29 मेगाबिट. एवढं तुमच्या वायफायला झेपायचं नाही. म्हणून तुम्ही प्ले दाबलंत की सर्व्हर तिथल्या तिथे तो दोन-तीन मेगाबिटचा करून पाठवतो. हे काम नुसत्या प्रोसेसरवर टाकलं की पंखा बोंबलायला लागतो. इंटेलच्या चिपमधल्या क्विक सिंक या खास व्हिडिओसाठीच्या भागाकडे दिलं की गप्प. शिवाय हा कॅमेरा प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपायचा, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. कुणी हात हलवला की कडेला फणीचे दात दिसायचे. या ओळी नीट जुळवणारं डीइंटरलेसिंग चालू केलं आणि दादाच्या मुंजीत भिक्षा घालणाऱ्या आजीच्या पाटल्यासुद्धा स्पष्ट दिसल्या. ती कॅसेट आधी बघा.

सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकलेला नाही. राउटरमध्ये वायरगार्ड आहे, म्हणजे बाहेरून आमच्या घरच्या नेटवर्कमध्ये यायची कुलूपबंद वाट, त्याची किल्ली दादाला पाठवली आहे. तो टीव्हीवर बसवून देईल: आधी वायरगार्ड चालू करायचं, मग जेलीफिन. आई, तुझं वेगळं खातं केलंय. चुकून काही पुसलं जाईल म्हणून घाबरू नकोस, पुसायचा अधिकार फक्त माझ्या खात्याला आहे.

सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे. दुसरी डिसेंबरात येताना आणते, ती तुमच्या कपाटात राहू दे. दोन्ही प्रती एकाच घरात असतील तर त्याला मी बॅकअप म्हणत नाही. मूळ कॅसेटीही टाकलेल्या नाहीत.

आता तुमचं काम. फाइलींना नाव आणि वर्ष द्यायचंय, आणि मला निम्मी माणसं ओळखू येत नाहीत. औदुंबरला नावेत बसलेले हिरव्या स्वेटरवाले कोण? आई म्हणेल मिरजेचे मामा, पण त्यांना मिशा होत्या ना? आणि गच्चीवरच्या पावसाची कॅसेट 2005 च्या पुराआधीची की नंतरची? बघता बघता वहीत टिपून ठेवा, पुढच्या रविवारी फोनवर विचारते.

तुमची,
धाकटी