आपा, तुम्ही ते कार्ड उलटं ठेवलंत

आपा, सलाम आणि नमस्कार.

हे मराठीत लिहितेय कारण मनातलं नीट मला मराठीतच लिहिता येतं, डिचोलीच्या शाळेत तेच शिकले. तुम्हाला माझी मुलगी इंग्रजीत वाचून दाखवेल. पण खरं सांगू, हे माझ्या लोकांनीही वाचावं असं फार वाटतं. लंडनमधल्या, स्विंडनमधल्या, आणि तिकडे गोव्यात-महाराष्ट्रात बसून "आमची माणसं बाहेर मजेत आहेत" असं समजणाऱ्या सगळ्यांनी.

लंडनमधल्या कॅनरी व्हार्फच्या, म्हणजे मोठमोठ्या ऑफिसांच्या भागातल्या, काचेच्या बिल्डिंगा दिवसा बघणाऱ्याला छान वाटतात. आम्ही त्या रात्री बघतो. टॉयलेट, किचन, डस्टबिन, शेकडो टेबलं, आणि सकाळी साहेब लोक यायच्या आत आम्ही गायब व्हायचं. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने माणसं कमी केली आणि मजले वाढवले, पगार तोच, सुट्टीचे पैसे मागितले की पुढच्या महिन्यात बघू. सुपरवायझरचं एकच ठरलेलं वाक्य, नको असेल तर जा, दाराबाहेर शंभर उभे आहेत.

मी गप्प बसले नव्हते हो. फोन केले, फॉर्म भरले. आपल्यातल्याच एका मोठ्या माणसाकडे गेले, चांगलं घर, चांगली ओळख असलेला, त्याने चहा पाजला आणि म्हणाला वहिनी परक्या मुलखात आहोत, आपलं नाव खराब होईल असं काही करू नका. आणि जिथे मी दर वर्षी गणपतीला पहाटेपासून मोदक वळते तिथे विषय काढला तर उत्तर मिळालं, देवाच्या जागी पगाराच्या गोष्टी नकोत. ते मला आजही लागतं. देवाच्या जागी नाही बोलायचं तर मग कुठे बोलायचं? पोटासाठीच तर बाई इथे येऊन हात जोडते ना?

मग माझ्यासोबत काम करणारी नायजेरियाची मैत्रीण मला तिच्या चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेली आणि तिथे तुम्ही होतात, डोक्यावर स्कार्फ, खुर्च्या मांडत होतात. मला वाटलं तुम्ही तिथल्या कामाला आहात. नंतर कळलं की तुम्ही मशिदीकडून येता, फादर चर्चकडून, एक आजोबा सिनेगॉगकडून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनेच्या जागेकडून, शिवाय शाळेतल्या टीचर, युनियनचा एक माणूस, आणि हे सगळे वर्षानुवर्षं एकत्र बसताहेत. भाषण नाही, प्रवचन नाही. एकेका माणसाशी समोरासमोर बसून बोलायचं, तुम्ही लोक त्याला वन-टू-वन म्हणता. तुम्ही माझी पेस्लिप मागितली नाहीत. पहिला प्रश्न होता, "रात्रीला मुलगी कुणाजवळ असते?" इतक्या जणांशी बोलले होते, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. तुमची अर्धी बंगाली अर्धी हिंदी आणि माझी कोकणीत बुडवलेली हिंदी, तरी सगळं पोचलं.

हे सगळं कुठून आलं ते तुम्हीच मला सांगितलंत, म्हणून इथे सांगते, आमच्या लोकांना माहीत नाही. १९९६ मध्ये पूर्व लंडनमधल्या चर्चेस, मशिदी, शाळा एकत्र आल्या आणि टेल्को नावाची संघटना झाली (आपल्याकडच्या टाटांच्या टेल्कोशी काही संबंध नाही). आज ती सिटिझन्स यूके या देशभरच्या संघटनेचा भाग आहे. ही पद्धत त्यांनी अमेरिकेतल्या शिकागोकडून घेतली, तिथे सॉल अलिन्स्की नावाच्या माणसाने १९४० च्या आसपास कत्तलखान्यांच्या बाजूच्या वस्तीत चर्च आणि कामगारांना एका टेबलावर बसवलं होतं. इथे लोकांशी बोलता बोलता पुढे आलं ते हे की आईबाप दोन-दोन नोकऱ्या करतात आणि पोरांचं तोंड बघायला वेळ नाही. त्यातून २००१ मध्ये लिव्हिंग वेजची मागणी सुरू झाली. सरकार ठरवतं ते किमान वेतन वेगळं, आणि माणसाला या शहरात खरंच जगायला लागतं ते वेगळं. आकडे सांगते म्हणजे समजेल. एप्रिल २०२५ मध्ये सरकारी दर तासाला १२.२१ पौंड होता, आणि त्याच वेळी लंडनचा लिव्हिंग वेज १३.८५. फरक १ पौंड ६४ पेन्सचा. कुणी म्हणेल त्यात काय, पण आमच्या शिफ्टच्या हिशोबाने आठवड्याला पन्नासच्या वर पौंड होतात, त्यात मुलीचे बूट येतात, गॅसचं बिल येतं, एक शनिवार घरी झोपता येतं.

२००३ मध्ये कॅनरी व्हार्फमधल्या एका मोठ्या बँकेच्या वार्षिक सभेत तिथलाच एक सफाई कामगार उभा राहून चेअरमनशी समोरासमोर बोलला होता. २००६ मध्ये क्वीन मेरी युनिव्हर्सिटीने लिव्हिंग वेज मान्य केला. २०१२ च्या ऑलिम्पिकलाही हीच मागणी लावून धरली होती. आणि त्याच्या कितीतरी आधी १८८९ चा गोदी कामगारांचा संप, तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून, त्यात कॅथलिक चर्चचे मोठे धर्मगुरू कार्डिनल मॅनिंग स्वतः मध्ये पडले आणि तोडगा काढला. जिथे मी आज मॉप मारते तिथेच पूर्वी जहाजं लागायची, आमच्या गोव्याचे तारवटी जहाजांवर काम करत या लंडनच्या गोदीत उतरायचे. हे कळल्यावर मला एकदम वाटलं की मी इथे उपरी नाही.

पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनची ती मशीद तुम्ही दाखवलीत. १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या लोकांनी चर्च म्हणून बांधली, १८९८ ला ज्यूंचं सिनेगॉग झालं, १९७६ पासून मशीद. तुम्ही म्हणालात, जो गरीब आला त्याने इथेच हात पसरले.

आता असेंब्लीचं, म्हणजे सगळ्यांच्या त्या मोठ्या सभेचं. त्याच्यासाठीच हे पत्र आहे, बाकी सगळं त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

मोठा हॉल, शेकडो माणसं, स्टेजवर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आणि बिल्डिंगवाल्यांचा माणूस. माझी टेस्टिमनी होती, म्हणजे माझा अनुभव मी सांगायचा, दोन मिनिटं. आधी कुणीतरी सुचवलं होतं की हिची इंग्रजी कच्ची आहे, दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं. चांगल्या मनानेच सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, नाही, जे ज्याला स्वतःला करता येतं ते त्याच्यासाठी दुसऱ्याने करायचं नाही, हा आपला नियम आहे, ती बोलेल. आणि तुमच्यात वेळेचा नियम किती कडक! सगळ्यांना नाइट शिफ्ट, पोरं, शेवटची बस, म्हणून कुणी सेकंदभरही जास्त घ्यायचा नाही, फादर नाही की इमाम नाही. त्या दिवशी टाइमकीपर तुम्ही होतात, पहिल्या रांगेत, मांडीवर ती कार्डं, एक मिनिट राहिलं याचं पिवळं आणि थांबा म्हणणारं लाल.

मी पगाराचं बोलले, मजल्यांचं बोलले. मग त्या रात्रीचं आलं, मुलीला ताप होता, शेजारणीचा फोन आला आणि सुपरवायझर म्हणाला आत्ता गेलीस तर परत यायचं नाही. तिथे माझा आवाज गेला. शब्दच येईना, इंग्रजी नाही, मराठी पण नाही. मी तुमच्या हाताकडे बघितलं कारण मला माहीत होतं वेळ संपलीय. लाल कार्ड तुमच्या हातात होतं. तुम्ही घड्याळ बघितलंत, कार्ड उलटं करून मांडीवर ठेवलंत आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवलेत, स्टेजवर सभा चालवणाऱ्या बाईने तुमच्याकडे पाहिलं तर फक्त मान हलवलीत, नाही म्हणून. आणि माझ्याकडे बघत बसलात. हसला नाहीत, खुणा केल्या नाहीत, "बोल बोल" नाही, काही नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. पूर्ण हॉल थांबला. मग मी बोलले, शेवटपर्यंत बोलले, माझ्या तोंडाने.

त्यानंतर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस उठला, आम्ही कामगारांना किती मानतो, कशी कमिटी नेमलीय, आणि त्याची दोन मिनिटं झाली त्याच क्षणी तेच लाल कार्ड हात सरळ वर करून तुम्ही धरलंत. तो थांबला. बाईने परत विचारलं, आम्हाला भेटणार, हो की नाही. हो म्हणावं लागलं त्याला, सगळ्यांच्या समोर, या महिन्यात भेटू म्हणून.

आपा, आयुष्यभर माझा वेळ दुसऱ्यांनी मोजला. किती मिनिटांत मजला झाला, टॉयलेटला किती वेळ लागला, किती उशिरा आलीस. तुम्ही पहिल्या, ज्यांच्या हातात माझा वेळ होता आणि तो तुम्ही मला दिलात. दर वाढला, पत्र आलं, अकाउंटमध्ये पैसे दिसले, त्या दिवशी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण रात्री डोळे मिटले की तुमचे ते कार्डावर ठेवलेले हात दिसतात, आणि हे लिहितानाही रडू येतंय.

माझ्या लोकांना सांगायचंय ते हे. आमच्या डिचोलीकडे शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, दोघी बहिणी मानतात, हिंदू चर्चला जातात, किरिस्तांव देवीला मानतात, सगळं आहे. एकत्र जत्रा करायची आपल्याला कुणी शिकवायला नको. पण शेजारणीच्या पगारासाठी एकत्र बसायचं, तिचे मजले किती, तिची सुट्टी का कापली हे देवळाच्या बैठकीत विचारायचं, ते आपण करत नाही, आणि का करत नाही याचं मला अजून कुणी धड उत्तर दिलेलं नाही. आपल्याकडे तर वारीत कुणी कुणाला जात विचारत नाही असं अभिमानाने सांगतो. मग शिफ्ट संपल्यावर पण विचारा ना एकमेकांना, बाई तू जेवलीस का, तुझे पैसे मिळाले का. चांगली माणसं सगळीकडे आहेत, हे मी इथे येऊन बघितलंय. रब्बायच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मगुरूंच्या, बाजूला बसून इमाम पेन्सिलीने हिशोब करताहेत, कुणाच्या सुट्टीचे किती दिवस राहिले ते. त्यांच्यात वाद होतात, गाझावरून तर फार कडू बोलणं झालं, काही जण यायचे बंद झाले. तरी पुढच्या मंगळवारी बहुतेक सगळे परत खुर्च्या मांडायला हजर, कारण क्लीनरचे पैसे अडकलेले होतेच. मला याच्यापेक्षा मोठा धर्म समजत नाही.

सगळं झालेलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. दोघी जणी आधीच काम सोडून गेल्या त्यांचे सुट्टीचे पैसे अजून मिळालेले नाहीत, आणि बाजूच्या बिल्डिंगमध्ये तोच कॉन्ट्रॅक्टर अजून जुन्या दराने माणसं राबवतोय. तिथल्या दोन आपल्या गोंयकार बायकांशी मी बोललेय, एक घाबरते, एक येते म्हणालीय. या वेळी वन-टू-वन मी करणार, प्रश्न कुठला आधी विचारायचा ते मला माहीत आहे.

आणि तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे ना, तेव्हा डबा मी आणणार. भात, तोंडाक, सगळं माझ्या हातचं. आधीच सांगून ठेवते, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
डिचोलीची बहीण