चालीत शब्द हरवतातच असे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील कवितागायनावरील लेखात, उत्तम कवितेला चाल लावली की शब्द मागे पडतात, असे मत ठामपणे मांडले आहे. ते सरसकट मान्य करता येत नाही, कारण पोलंडमधील क्राकूफच्या गायिका एवा देमार्चिक (१९४१–२०२०) यांनी गायिलेल्या कविता नेमक्या याच्या उलट साक्ष देतात.

‘पिव्हनित्सा पोद बारानामी’ या तळघरातल्या कॅबरेतून (गाणी-कवितांच्या छोट्या रंगमंचावरून) पुढे आलेल्या देमार्चिक काळ्या पोशाखात जवळजवळ निश्चल उभ्या राहून गात. त्यांच्या बऱ्याचशा चाली झिग्मुंट कोन्येच्नी यांच्या. १९६३च्या ओपोले येथील पोलिश गीतमहोत्सवात त्यांनी मिरोन बियावोशेव्स्की यांची मेरी-गो-राउंडवरची कविता गायिली. पाळण्याच्या गाड्यांत मुलांना घेऊन बसलेल्या आयांमध्ये कवीला जुन्या चित्रांतल्या मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेल्या मेरी, दिसतात, आणि शब्दाचे शेपूट तोडून तेवढेच पुन्हा म्हणण्याची गंमत मूळ कवितेतच आहे. कोन्येच्नींनी ही तुटक पुनरुक्तीच लय म्हणून उचलली. देमार्चिक ती धाप लागेल अशा वेगाने, तरीही एकेक व्यंजन सुटे ठेवून म्हणतात, तेव्हा पाळण्याची गरगर शब्दांतूनच ऐकू येते.

युलियान तुविम यांच्या तोमाशुफ गावावरील कवितेत वेग नाही. परक्यांचे सामान मांडलेली खोली, पूर्वी अर्धवट राहिलेले बोलणे आणि उत्तर न देता हिरवी द्राक्षे खात बसलेले माणूस, एवढाच ऐवज. मूळचे प्रेयसीला केलेले संबोधन देमार्चिक प्रियकराकडे वळवतात. या एका बदलाने प्रश्न विचारणारी स्त्री होते आणि समोरचे मौन अधिकच बोचते. असे धाडस कवितेचा बारकाईने विचार केलेल्या गायिकेलाच शोभते.

१९४४च्या, नाझी जर्मनांविरुद्धच्या वॉर्सा उठावात वयाच्या २३व्या वर्षी मारले गेलेले क्शिश्तोफ कामिल बाचिन्स्की यांच्या युद्धकविता गाताना मात्र त्यांचा आवेश मला थोडा जास्त वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यामुळे आम्हा कोल्हापूरकरांना पोलंड अगदीच परके नाही; पण ती भाषा मला येत नाही. इंग्रजी भाषांतर पुढ्यात ठेवून मी ही गाणी ऐकली आणि कोणती ओळ चालू आहे हे बहुतेक वेळा बोट ठेवून सांगता येत होते, इतके शब्द वाद्यांपासून मोकळे राखलेले आहेत.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर